काम वाटून घेण्याचे गणित

आषाढ लागला की आमच्या श्रीरामपुरात लहानथोरांची नजर पश्चिमेच्या आभाळाकडे लागते. पाऊस येथे थोडका पडला तरी चालेल, पण भंडारदऱ्यास तो भरपूर पडावा, म्हणजे प्रवरेच्या कालव्यास पाणी येईल आणि ऊस तगेल, अशी येथील शेतकऱ्याची आशा असते. हा पाऊस आगाऊ वर्तविणे हे मुख्यतः गणिताचे काम आहे. वातावरणाचे लहान लहान खण कल्पून प्रत्येक खणातील उष्णता, वारा व आर्द्रता यांचा हिशेब करावा लागतो. उद्याच्या पावसाचे उत्तर परवा निघाले तर त्याचा उपयोग काय? म्हणून अतिशय वेगवान गणकयंत्र, म्हणजे महागणक, हवा.

१९८० नंतरच्या दशकात आपल्या देशाने असा महागणक अमेरिकेकडे मागितला. तेथील सरकारास भीती वाटली की, त्याच यंत्रावर अण्वस्त्रांचे व क्षेपणास्त्रांचेही हिशेब होतील. बेंगळूरच्या विज्ञानसंस्थेसाठी मागितलेले मोठे यंत्र मिळाले नाही. हवामानाच्या कामापुरते एक लहान यंत्र कडक अटींवर दिल्लीस आले. परराष्ट्रनीती ही केवळ मुत्सद्द्यांची गोष्ट नव्हे. ती प्रयोगशाळेच्या दारापर्यंत व शेताच्या बांधापर्यंत येऊन पोहोचते, हे यावरून दिसेल.

मग १९८८ साली पुण्यास 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर हे तिचे प्रमुख झाले. एकच प्रचंड यंत्र मिळत नसेल, तर पुष्कळ लहान यंत्रे जोडून त्यांच्याकडून एकाच वेळी काम करून घ्यावे, असा मार्ग त्यांनी धरला. १९९१ साली सिद्ध झालेल्या 'परम ८०००' मध्ये ६४ गणकघटक जोडलेले होते. हे घटक ब्रिटिश कारखान्याचे होते, हे सांगण्यात कमीपणा नाही. ते बाजारात विकत मिळत होते. त्यांच्यात काम वाटण्याची युक्ती मात्र येथेच बसवावी लागली.

ही युक्ती किती अवघड असते? विद्यार्थीमित्रहो, वर्गातच एक प्रयोग करून पाहा. १ पासून १०० पर्यंतच्या अंकांची बेरीज करावयाची आहे. एका बेरजेस एक पळ लागतो असे धरा. एकट्या मुलास ९९ पळे लागतील. आता दहा मुलांस दहा दहा अंक वाटून द्या. ९ पळांत दहा बेरजा तयार होतील. त्या एकानेच मिळविल्या तर आणखी ९, मिळून १८ पळे. परंतु त्या दहा मुलांनी जोड्या करून आपापल्या बेरजा मिळविल्या, तर दहाच्या पाच, पाचांच्या तीन, तिनांच्या दोन व दोहोंची एक, अशी केवळ ४ पळे अधिक लागतात. म्हणजे एकंदर १३. मुले तीच, अंकही तेच. फरक पडला तो व्यवस्थेने.

पन्नास मुले घेतली तर प्रथमपासूनच जोड्या पडतात व काम ७ पळांत उरकते. मग हजार मुले घेतल्यास? तरीही ७ च! कारण एका पळात दोनच बेरजा एकत्र होतात. म्हणून सहा पळांनंतर कोणत्याही एका बेरजेत फार तर ६४ अंक आलेले असतील, सात पळांनंतर १२८. शंभरास सहा पळे पुरणार नाहीत, हे यंत्र न चालविताच सिद्ध झाले. यालाच शुद्ध गणित म्हणतात. मदतनीस वाढवून काय साधेल आणि काय कधीच साधणार नाही, हे ते आधीच सांगते.

आणि अजून एक गंमत उरलीच. पहिला व शेवटचा अंक मिळून १०१. दुसरा व शेवटून दुसरा, तेही १०१. अशा पन्नास जोड्या, म्हणून उत्तर ५०५०. एक बेरीज, एक गुणाकार, आणि मूल एकटेच! जेथे अशी वाट सापडते तेथे हजार हातांचे काम एक विचार करतो. वातावरणाच्या हिशेबास इतकी सोपी वाट अद्याप सापडलेली नाही. तेथे प्रत्येक खणास शेजारच्या खणाची खबर घ्यावीच लागते, म्हणून तेथे महागणकावाचून चालत नाही. 'परम'च्याच घराण्यातील 'परम रुद्र' हे महागणक २६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली व कोलकाता येथे राष्ट्रास अर्पण झाले.

आम्हांस भेटावयास येणारे पालक पुष्कळदा विचारतात, "मास्तर, या सिद्धतांचा मुलास पुढे काय उपयोग?" आमचे उत्तर हेच की, यंत्र परक्याच्या मर्जीवर मिळते वा अडते. परंतु काम कसे वाटावे व कोठे वाटता येत नाही, याचे ज्ञान कोणत्याही बंदरावर अडवून ठेवता येत नाही. ते पाटी-पेन्सिलीनिशी याच शाळेच्या बाकावर बसून मिळविता येते. मात्र ते मिळविण्याचे श्रम ज्याचे त्यानेच केले पाहिजेत. ते वाटून घेता येत नाहीत.