चित्रामागचीं चित्रें

प्रदर्शनांतील एखादें सुंदर चित्र पाहतांना चित्रकाराची खोडलेली रेघ, पुसलेला रंग, फसलेला बेत यांपैकीं कांहींच आपणांस दिसत नाहीं. मग 'ही तर ईश्वरी देणगी, हें आपल्याच्यानें व्हावयाचें नाहीं,' असें म्हणून आपण पुढें सरकतों. हा समज एका थोर चित्रकारानें कसा दूर करूं पाहिला, तें येथें सांगावयाचें आहे.

आंरी मातिस (१८६९–१९५४) हे फ्रान्समधील चित्रकार. मोजक्या वळणदार रेघा व सपाट रंग यांमुळें त्यांचीं चित्रें घटकाभरांत काढलेलीं असावींत असें पाहणारास वाटे. वस्तुस्थिति अगदीं उलट होती. काम मनासारखें न उतरल्यास ते टर्पेंटाइननें रंग पुसून काढीत व पुन्हा आरंभ करीत. काम एका टप्प्यास पोंचलें म्हणजे त्याचें छायाचित्र घेववीत. आपण पुढें गेलों कीं मागें आलों, हें त्यांस त्यावरून पडताळतां येई. पहुडलेल्या स्त्रीच्या एका चित्रावर ते १९३५ च्या मे महिन्यापासून ऑक्टोबरपर्यंत खपत होते. त्याचीं अशीं २२ छायाचित्रें आहेत. रंगीत कागदाचे तुकडे कापून ते कॅनव्हसावर टाचणीनें लावीत, आणि सरकवून आकृतीची जागा ठरवीत.

डिसेंबर १९४५ मध्यें पॅरिसमधील माग चित्रदालनांत त्यांनीं आपलीं कांहीं चित्रें मांडलीं, तीं या छायाचित्रांसह! मध्यें पुरें झालेलें चित्र व भोंवतीं त्याच्याच पूर्वावस्था. त्यांत १९४० सालचें 'स्वप्न' हें चित्र होतें. हातांवर डोकें टेकून झोंपलेली ती स्त्री टप्प्याटप्प्यानें कशी साधी होत गेली, हें प्रेक्षकांस डोळ्यांनीं पाहतां आलें. सहजता ही श्रमाच्या अखेरीस येते, आरंभीं नव्हे, हें त्या भिंतींनींच सांगितलें. आपल्या चित्रांतील वरकरणी सोपेपणा पाहून तरुण चित्रकार मेहनत टाळतील, ही चिंता मातिस यांनीं १९४८ सालींही एका पत्रांत व्यक्त केली होती.

आतां आमची एक कबुली. निबंधांत खाडाखोड दिसली कीं आम्ही वर्षानुवर्षें गुण कापीत आलों. आणि आमचा नमुन्याचा निबंध मात्र, घरीं चार कागद फाडून लिहिलेला असतांही, जणूं एका दमांत सुचला अशा थाटांत फळ्यावर उतरवीत आलों. एकदां एका विद्यार्थिनीनें विचारलें, "सर, आपल्याला कधींच खोडावें लागत नाहीं का?" आम्ही निरुत्तर झालों. दुसऱ्या दिवशीं आम्ही आमचे कच्चे कागदच वर्गांत नेले. काटाकाट पाहून मुलें प्रथम हंसलीं, मग गप्प झालीं. 'मला लिहितां येत नाहीं' म्हणून सदैव कोरी वही देणाऱ्या एका मुलानें त्या आठवड्यांत दीड पान लिहून आणलें. त्यांत खाडाखोड पुष्कळ होती. आम्ही गुण कापले नाहींत.

पालकांस एवढीच विनंति कीं, मुलाची स्वच्छ वही पाहाल तेव्हां त्याची कच्ची वहीही मागून पाहावी. मुलाची खरी प्रगति तींतच दिसेल.