पेण-रोह्याहून लंडनला : गाडी घेण्याआधी वाचा

धाटावच्या रासायनिक कारखान्यांत अनुभव घेऊन ब्रिटनला गेलेली रोह्याची मुलं असोत, की पेणहून रोज मुंबई गाठता गाठता थेट लंडनची नोकरी मिळवलेले आयटीवाले असोत, पहिल्या वर्षात फटका बसतो तो गाडीमुळे. तिथं बस्तान बसलेल्या आपल्याकडच्या कुटुंबांनी नव्यांना वेळोवेळी जे सांगितलं, ते इथं एकत्र केलं आहे.

आपल्याला सवय नाक्याची. अटल सेतूवरून जा, नाहीतर द्रुतगती मार्गाने, फास्टॅगमधून पैसे गेले की मोबाइल वाजतो. लंडनमध्ये नाका नाही, आडवा दांडा नाही, कोणी हात करून थांबवत नाही. कडेला एक पाटी आणि खांबावर कॅमेरा. कॅमेरा नंबरप्लेट वाचतो आणि पुढची जबाबदारी तुमची. बिल घरी येत नाही, येते ती थेट दंडाची नोटीस.

आकार दोन आहेत आणि नव्या माणसाची गल्लत इथंच होते. पहिला कंजेशन चार्ज, म्हणजे गर्दीचा आकार. तो २००३ पासून आहे, फक्त शहराच्या मध्यभागापुरता. सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ ते संध्याकाळी ६, शनिवार-रविवारी दुपारी १२ ते ६. जानेवारी २०२६ पासून दिवसाला १८ पौंड. गाडी नवी कोरी असली तरी भरावाच लागतो, विजेच्या गाडीलाही आता फक्त सवलत मिळते. दुसरा यूलेझ, धुराचा आकार. तो २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये, म्हणजे प्रशासकीय विभागांत, लागू झाला. नाताळचा दिवस सोडला तर वर्षभर, चोवीस तास, दिवसाला साडेबारा पौंड. पण तो फक्त निकषात न बसणाऱ्या गाड्यांना. मध्यभागात जुनी गाडी नेली तर दोन्ही भरावे लागतात.

यूलेझ टाळायचा तो गाडी घेतानाच. पेट्रोल गाडी युरो ४ आणि डिझेल गाडी युरो ६ निकषाची हवी. बाजारात ढोबळ ओळख अशी : तिथल्या नंबरप्लेटवर पहिल्या दोन अक्षरांनंतरचे दोन अंक गाडीचं वय सांगतात. ०६ म्हणजे मार्च २००६ नंतरची, ६५ म्हणजे सप्टेंबर २०१५ नंतरची. पेट्रोल ०६ किंवा त्यापुढची आणि डिझेल ६५ किंवा त्यापुढची असेल तर सहसा अडचण येत नाही. एक सांभाळा, १५ हा आकडा मार्च ते ऑगस्ट २०१५ चा आहे, त्या डिझेल गाड्यांतल्या बऱ्याच निकषात बसत नाहीत. लंडनबाहेरच्या गावात अशी डिझेल गाडी विलक्षण स्वस्त मिळते, आणि स्वस्त का मिळते ते हे. बयाणा देण्यापूर्वी टीएफएलच्या म्हणजे लंडनच्या वाहतूक खात्याच्या संकेतस्थळावर नंबर टाकून पाहा. फुकट आहे, मिनिटाचं काम आहे.

आता हीथ्रोचं. विमानतळ यूलेझच्या हद्दीत आहे, शेजारचं स्लाव मात्र बाहेर. आई-बाबा सहा महिने राहून परत निघतात. स्लावमधल्या घरातून जुनी गाडी रात्री ११ ला निघते, बॅगा उतरवून, निरोप घेऊन परतताना १२ वाजून जातात. यूलेझचा दिवस मध्यरात्री ते मध्यरात्री मोजतात, म्हणजे दोन दिवसांचे पंचवीस पौंड. शिवाय टर्मिनलच्या दारात गाडी उभी केली त्याचा वेगळा आकार, आणि तो दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपूर्वी स्वतः आठवणीने भरायचा. तो वाचवायचा तर लाँग स्टे वाहनतळावर उतरवा, तिथून टर्मिनलला फुकट बस आहे. म्हातारी माणसं, चार जड बॅगा असतील तर मात्र हे पैसे सरळ द्यावेत.

लंडनचे हे दोन आकार प्रवासानंतर तिसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत भरता येतात, कंजेशन चार्ज मात्र उशिरा भरला तर २१ पौंड. चुकला की दंड १८० पौंड, चौदा दिवसांत भरला तर ९०. वारंवार जात असाल तर ऑटो पे खातं उघडा, आणि बँकेचं कार्ड बदललं की तिथंही बदला. पैसे टीएफएलकडेच भरा, मधल्या संकेतस्थळांवर जादा उकळतात. लंडनभोवतीच्या एम-२५ महामार्गावरच्या डार्टफर्ड क्रॉसिंगचे आणि एप्रिल २०२५ पासून सिल्व्हरटाउन व ब्लॅकवॉल बोगद्यांचे पैसे वेगळे. बर्मिंगहॅममध्ये जुन्या गाडीला दिवसाला ८ पौंड. ग्लासगोत भरायची सोयच नाही, जुनी गाडी नेली की दंडच.

हा सगळा पैसे उकळण्याचा धंदा आहे, असं म्हणणारे आपल्यातही भेटतात. त्यांनी एला अडू-किसी-डेब्रा या लंडनच्या मुलीची हकीकत वाचावी. साउथ सर्क्युलर रस्त्याजवळ राहणारी ही नऊ वर्षांची मुलगी २०१३ मध्ये दम्याने गेली. डिसेंबर २०२० मध्ये कोरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेतलं प्रदूषण नोंदवलं. कारखान्यांच्या शेजारी वाढलेल्या रोहेकरांना हे जास्त समजावून सांगायला नको. आमच्या मते यूलेझचा नियम योग्य आहे.

पुष्कळ ठिकाणी गाडी लागतच नाही. महाराष्ट्र मंडळ डॉलिस हिलला आहे, त्याच नावाचं जुबिली लाइनचं स्टेशन आहे. वेस्टमिन्स्टर, ब्रिटिश म्युझियम पाहायला तर गाडी नेऊच नये.

शेवटची गोष्ट सर्वांत महागात पडणारी. दंडाची नोटीस व्ही-५-सी या गाडीच्या नोंदणीपत्रावरच्या पत्त्यावर जाते. भाड्याचं घर बदललं आणि पत्ता तसाच राहिला, तर नोटीस जुन्या घरी पडून राहते, १८० चे २७० होतात आणि पुढे वसुलीवाले दारात येतात. घर बदललं की गॅस-विजेच्या आधी डीव्हीएलए या वाहननोंदणी खात्याकडे पत्ता बदला, त्याला पैसे पडत नाहीत.