ऐनवेळचा विषय

3 जून 2019 ला मी अर्ज दिला आणि 29 ऑगस्टला तो आमच्या नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेपुढे ‘ऐनवेळचा विषय’ म्हणून आला. मधले 87 दिवस तो कुठे पडून होता, हे मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही. गावात मात्र अजून बोललं जातं, की बाईंनी तयारी न करता मोठा घाट घातला आणि तो अंगाशी आला. म्हणून हे लिहिते आहे. आपल्या गावात असं काही करू पाहणाऱ्यांना उपयोग होईल, आणि माझी बाजूही एकदा कागदावर येईल.

त्या वर्षी 13 ऑक्टोबरला रविवार होता आणि कोजागिरीही होती. आमची नगरपरिषद क वर्गाची, म्हणजे वस्ती 40 हजारांच्या आतली. इथे मी 22 वर्षं गाणं शिकवत होते. माझ्याकडच्या बहुतेक मुलींनी मोठा गवई मोबाइलवरच ऐकलेला. सवाईला पुण्याला जायचं तर बसभाडं, राहायची सोय आणि घरच्यांची परवानगी, या तिन्ही गोष्टी एका वेळी जुळत नाहीत. म्हणून गाणंच गावात आणायचं ठरवलं. नगरपरिषदेचं मैदान, 5 हजार श्रोते बसतील एवढी बैठक, संध्याकाळी 6 ते 10. आधी ख्यालगायन, मग नाट्यपदं, शेवटी अभंग. 10 वाजता माईक बंद आणि चांदण्यात सगळ्यांना दूध. तिकीट माणशी 100 रुपये, विद्यार्थ्यांना मोफत.

जूनमध्येच मी नगराध्यक्षांना घरी जाऊन भेटले. त्यांची पुतणी माझ्याकडे चार वर्षं शिकलेली. त्यांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाई, तुम्ही तयारीला लागा. ठराव काय, औपचारिकता आहे.” हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा दारापर्यंत सोडायला आले तेव्हा. त्या शब्दावर मी जुलैत कलाकारांना दीड लाखाचा इसार दिला, मंडपवाल्याला 40 हजार दिले आणि 18,500 रुपयांची भित्तिपत्रकं व पत्रिका छापल्या. एकूण 2,08,500 रुपये. क्लासच्या ठेवीतून काढलेले. लेखी परवानगीआधी पैसे द्यायला नको होते, हे मला मान्य आहे. पण गावाच्या प्रथम नागरिकाने आपल्या घरात बसून दिलेल्या शब्दाला काही किंमत असावी, असं मला तेव्हा वाटत होतं आणि आजही वाटतं.

आता त्या सभेबद्दल.

प्रेक्षकांसाठी मागे दोन बाकं असतात. त्यातल्या एकावर मी दुपारी 3 ला जाऊन बसले. विषयपत्रिकेवर 26 विषय होते. त्यात माझा नव्हता. विचारलं तेव्हा सांगितलं, “ऐनवेळी घेऊ, बसा.” गाळ्यांचे लिलाव झाले, घंटागाडीचा ठेका झाला, पाणीपट्टीवरून अर्धा तास भांडण झालं. 6 वाजायला आले, काही नगरसेवक उठून गेले. मग कारकुनाने वाचलं: “नगरपरिषद मैदानावर ऑर्केस्ट्रा घेणेस परवानगी मिळणेबाबत.”

मला वाटलं, दुसऱ्या कोणाचा अर्ज असेल. पुढे माझं नाव वाचलं गेलं.

माझ्या अर्जाला 11 पानं जोडलेली होती. मैदानाचा नकाशा, बाहेर पडायचे चार रस्ते, फिरत्या शौचालयांची जागा, वाहनतळ, पाऊस आला तर बाजार समितीची शेड, दुसऱ्या दिवशी सकाळी मैदान कोण झाडणार त्यांची नावं. त्या सभागृहात ती पानं एकाच्याही हातात नव्हती. एक नगरसेवक उठले आणि दोन वर्षांपूर्वीच्या दहीहंडीचा डीजे, फुटलेल्या खुर्च्या आणि बाटल्या यांवर बोलू लागले. दुसरे म्हणाले, रात्रभर आवाज चालणार, ग्रामीण रुग्णालयातल्या पेशंटचं काय? एक नगरसेविका म्हणाल्या, तिकीट लावून हे धंदा करणार, नगरपरिषदेला काय मिळणार? मी उभी राहिले. “गॅलरीतल्यांना बोलता येत नाही,” असं मला तिथल्या तिथे बजावण्यात आलं. नियम आहे, मी बसले. समोर माझ्याबद्दल बोलणं चालू होतं, त्यातलं एकही वाक्य माझ्या अर्जातलं नव्हतं, आणि मला तोंड उघडता येत नव्हतं.

मग सगळे नगराध्यक्षांकडे पाहू लागले. मीही पाहिलं. ते समोरचे कागद चाळत म्हणाले, “हा विषय माझ्यापर्यंत आलेला नाही. माहिती घेऊन पुढच्या सभेत बघू.”

एवढंच. सगळं मिळून चार मिनिटं झाली असतील. सभा संपल्यावर ते आतल्या दाराने निघून गेले. घरी येताना माझ्या लक्षात आलं, की माझा कार्यक्रम त्या सभेपुढे गेलाच नव्हता. गेली होती ती कारकुनाने बनवलेली एक ओळ, आणि चर्चा झाली ती त्या ओळीतल्या ‘ऑर्केस्ट्रा’ या एका शब्दावर.

म्हणून पहिली गोष्ट सांगते, आणि बाकी विसरलात तरी ही विसरू नका. अर्जाच्या माथ्यावरची ‘विषय’ ही ओळ जीव लावून लिहा. मी लिहिलं होतं, ‘मैदानावर संगीत कार्यक्रम घेण्यास परवानगी मिळणेबाबत’. त्यातून त्यांनी हवा तो अर्थ काढला. तारीख, वेळ, कार्यक्रमाचा प्रकार आणि ‘बैठा कार्यक्रम’ हे शब्द त्या एका ओळीतच यायला हवेत, कारण तेवढंच वाचलं जातं. खाली एका पानाची टिपणी जोडा. अकरा पानं जोडली तरी चालतील, पण ती कोणी वाचेल असं धरून चालू नका.

ती एक पानाची टिपणी प्रत्येक नगरसेवकाच्या घरी स्वतः नेऊन द्या, सभेच्या आठ-दहा दिवस आधी. विरोधी गटाच्याही. ठरावाला सूचक लागतो आणि अनुमोदक लागतो. हे दोघं कोण, ते सभेच्या आधी नक्की करा. माझ्या विषयाला सूचकच नव्हता. एकाच माणसाच्या शब्दावर मी बसून राहिले आणि तो माणूस वेळेला गप्प बसला. विषयपत्रिका निघाली की ती मागून घ्या, आणि आपला विषय त्यात क्रमांक टाकून आलेला नसेल तर त्याच दिवशी मुख्याधिकाऱ्यांना लेखी विचारा. ‘ऐनवेळी घेऊ’ यावर समाधान मानू नका.

आवाजाचं म्हणाल तर त्यांच्या आक्षेपाचं उत्तर अर्जातच होतं. ध्वनिप्रदूषण नियम 2000 सालचे आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस 12 वाजेपर्यंत सवलत देता येते, ते दिवस आधी जाहीर होतात. रुग्णालय, शाळा-महाविद्यालय आणि न्यायालय यांच्याभोवती 100 मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. भीमसेन जोशींनी 1953 साली सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव रात्र रात्र चालायचा, त्यालाही या नियमांपुढे वेळ आवरती घ्यावी लागली. मग मी कोजागिरी आहे म्हणून पहाटेपर्यंत गाणं मागेन का? मी 10 लिहिलं होतं. रुग्णालयाच्या कुंपणापासून व्यासपीठापर्यंत माझ्या विद्यार्थिनींनी टेप लावून अंतर मोजलं होतं, ते 160 मीटर भरलं. पान 4 वर आहे. पण आज करायचं असतं तर मी टेपबरोबर रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचं पत्रही घेतलं असतं. शिक्का असलेल्या पत्रापुढे सभागृहात आवाज चढवता येत नाही. कर्णे रुग्णालयाकडे पाठ करून लावणार, हे साउंडवाल्याकडून नकाशावर काढून घ्या.

मैदान कोणाचं आहे, तेही आधी बघा. सगळं गाव ज्याला नगरपरिषदेचं मैदान म्हणतं, त्यातला पूर्वेकडचा तुकडा सरकारी जमिनीत मोडतो, हे मला ऑगस्टच्या मध्यावर कार्यालयात सांगितलं. जूनमध्ये सांगता आलं असतं. त्या तुकड्यासाठी तहसीलदारांची वेगळी परवानगी हवी होती. सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढायला फार खर्च येत नाही. अर्ज लिहायला बसण्याआधी ती हातात असू द्या. आणि कार्यालयाला पहिल्याच पत्रात विचारा, की दोन दिवसांच्या वापराची परवानगी प्रशासन देणार की सभा? उत्तर लेखी घ्या. हा प्रश्न मला कोणी सुचवला नाही, मलाही सुचला नाही.

बाकी परवानग्यांत मोठं काही नाही. ध्वनिक्षेपकाची आणि बंदोबस्ताची पोलीस ठाण्यात, तात्पुरती वीजजोडणी महावितरणकडे, वायरिंग आणि जनरेटरसाठी विद्युत निरीक्षक, व्यासपीठाच्या मजबुतीचा दाखला, अग्निशमन गाडी, रुग्णवाहिका. यादी करा, एकेका कामाला एक माणूस लावा, सगळ्यांशी नीट बोला, धीर धरा. ही कामं होतात. तिथे मला कोणी अडवलं नाही. पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी तर खुर्ची देऊन अर्ज तपासून दिला.

पुढच्या सभेची वाट पाहत बसले, तोवर 21 सप्टेंबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. 23 तारखेला मी कार्यालयात गेले. “आता सभाच नाही बाई, आचारसंहिता,” असं उत्तर मिळालं. राजकारणाशी संबंध नसलेल्या गाण्याच्या कार्यक्रमावर आचारसंहितेत सरसकट बंदी नसते. निवडणूक यंत्रणेची परवानगी घ्यावी लागते, ती घ्यायची माझी तयारी होती. पण मुळात नगरपरिषदेचाच होकार नाही, तर कोणता कागद घेऊन जाणार? निवडणुकीच्या वर्षात कार्यक्रम धरू नका. धरलात तर आचारसंहिता लागू शकते त्या महिन्याच्या दोन महिने आधी कागद हातात हवा.

गणपतीतच मी माहितीच्या अधिकारात इतिवृत्ताची प्रत मागितली होती. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि 30 दिवसांत माहिती द्यावी लागते. ऑक्टोबर लागल्यावर प्रत आली. त्यात लिहिलं होतं, की अर्जदाराने कार्यक्रमाची पुरेशी माहिती सादर केली नाही व सभेस उपस्थित राहून खुलासा केला नाही, सबब विषय स्थगित.

मी तीन तास तिथे बसले होते. उभी राहिले तेव्हा मलाच खाली बसवलं होतं.

ते वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले आणि बराच वेळ कोणाशी बोलले नाही. पैशापेक्षा त्या ओळीचं मला जास्त लागलं आहे. पैसे जातात. पण पन्नास वर्षांनी कोणी ते दप्तर उघडलं तर त्यात मीच निष्काळजी ठरणार. नशिबाने माझ्याकडे पोच आहे. आमचे हे बँकेत होते. त्यांनी अर्ज देताना आवक क्रमांकाखाली कारकुनाकडून ‘सोबत 11 पाने’ असं हट्टाने लिहून घेतलं होतं. तेव्हा मलाच ते जास्त वाटलं होतं. तुम्हीही लिहून घ्या. आणि सभेला गेलात तर बाहेर पडताच, त्याच दिवशी, ‘मी उपस्थित होते, बोलण्याची परवानगी मागितली, ती मिळाली नाही’ असं पत्र आवकमध्ये देऊन पोच घ्या. मी ते केलं नाही, म्हणून उपस्थितीचा पुरावा माझ्याकडे नाही.

मुख्य गायिकेने इसाराचे 1 लाख रुपये पुरते परत केले. असे कलाकारही असतात, हे आवर्जून लिहिते. वादकांनी निम्मे दिले. मंडपवाल्याने तारीख अडवली होती म्हणून एक रुपया दिला नाही. इसाराची पावती घ्या आणि ‘परवानगी न मिळाल्यास किती परत’ हे तीवर लिहून घ्या. तोंडी काही ठरवू नका.

त्या वर्षी ऑक्टोबर सरत आला तरी पाऊस जायचं नाव घेत नव्हता. अजूनही कोणी कोणी मला म्हणतं, “बरं झालं बाई, चिखलच झाला असता.” त्यांना मी पान 9 दाखवते. बाजार समितीची शेड तिथे लिहिलेली आहे. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा होता, तर मार्चमध्ये कोरोना आला.

अर्ज, पोच, 11 पानं आणि इतिवृत्ताची प्रत मी एका फायलीत लावून ठेवली आहे. ज्यांना आपल्या गावात मैदान मागायचं आहे त्यांनी घरी यावं, बसून वाचावं, हवं ते उतरवून घ्यावं. फक्त कोणालाही इसार द्यायच्या आधी या.