मीठ, साखर आणि पाणी



जुलाब लागलेल्या बाळाला पाणी देऊ नका, असे आपण अजूनही ऐकतो. वैद्यकशास्त्र मात्र आधी विचारते : जीव जातो तो कशाने? जुलाबात शरीरातील पाणी व क्षार वाहून जातात, त्यानेच बाळ दगावते.

१९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे पटकीची साथ पसरली, शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून ते रुग्णांना पाजायला नातेवाइकांनाच सांगितले. तेथील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले.

असे का झाले? आतड्यातून रक्तात जाताना साखर मिठाला सोबत नेते आणि त्यांच्या मागोमाग पाणी जाते. म्हणून नुसते पाणी पुरत नाही.

विद्यार्थ्यांनो, हे घरी शिकून घ्या. उकळून गार केलेले १ लिटर पाणी, चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ वाढवू नये. ओआरएसची पुडी मिळाली तर उत्तमच. अंगावरचे दूध बंद करू नये. मूल सुस्त पडले, पिईनासे झाले किंवा शौचातून रक्त गेले तर लगेच दवाखाना गाठावा.

शुभवर्तमानकार संत लूक स्वतः वैद्य होते. देवाने दिलेली बुद्धी शेजाऱ्याच्या लेकरासाठी वापरणे म्हणजे आपण प्रेमाची आज्ञाच पाळणे होय.