शिकणं फुकट, कागदाला पैसे: पाटोद्यात बसून आपत्ती व्यवस्थापनाचा ऑनलाइन कोर्स करायचा तर खर्च किती?

आपत्तीत काय करायचं, हे मोबाइलवर शिकायला पाटोद्याच्या माणसाला रिचार्जपलीकडे जवळपास काही लागत नाही. परीक्षा देऊन सर्टिफिकेट हवं असेल तर जाण्यायेण्यासकट हजार-दीड हजार धरा. पुराच्या पाण्यात दोर टाकून माणूस ओढायला शिकायचं असेल, तर पैसे लागत नाहीत, पण बारा दिवस घर सोडावं लागतं. लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात ते मात्र या तिन्हींपैकी कशावरच नाही, तर खासगी वेबसाइटच्या रंगीत सर्टिफिकेटवर.

बीड जिल्ह्यातल्या या तालुक्याला असलं शिक्षण कशाला, असं आता कोणी विचारत नाही. मांजरा नदी उगम पावते ती पाटोदा तालुक्यातल्या बालाघाटाच्या डोंगरात, पण उगमाकडच्या गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. दुष्काळाची सवय झालेल्या याच पट्ट्यात सप्टेंबर २०२५ मध्ये अशी अतिवृष्टी झाली, की शेजारच्या आष्टी तालुक्यात अडकलेली माणसं काढायला हेलिकॉप्टर मागवावं लागलं. त्यात भर म्हणजे जामखेडकडून सौताड्याचा घाट चढून मांजरसुंब्याला जाणारा रस्ता. या रस्त्यावर अवजड वाहनं असतात. केमिकलचा टँकर उलटला तर गर्दी कोणत्या बाजूला ठेवायची, वारा कुठून आहे हे आधी का बघायचं, एवढं तरी रस्त्यालगतच्या गावांतल्या चार पोरांना माहीत असायला हवं. पुराचं पाणी कृषी सेवा केंद्राच्या गोदामात शिरलं तर आतली कीटकनाशकं कुठे वाहून जातील, हा प्रश्नही त्याच जातीचा.

नेमका हाच विषय शिकवणारी ठिकाणं आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या ‘युनेप’ आणि ‘ओचा’ या दोन संस्थांनी मिळून चालवलेल्या एन्व्हायर्नमेंटल इमर्जन्सीज सेंटरचे ऑनलाइन धडे पर्यावरणीय आपत्तींवरच आहेत आणि फुकट आहेत. हवामान बदलासाठी ‘यूएन सीसी-लर्न’, आपत्तीतल्या आरोग्यासाठी जागतिक आरोग्य संघटना, प्रथमोपचार आणि मदतकार्यासाठी रेड क्रॉस, यांचेही फुकट कोर्स आहेत. परीक्षेत पुरेसे गुण पडले की बहुतेक ठिकाणी सर्टिफिकेटही फुकटच डाउनलोड होतं. अडचण भाषेची. हे सगळं मुख्यतः इंग्रजीत. बारावीला इंग्रजी जेमतेम सुटलेल्या मुलाने एकट्याने करण्यापेक्षा दोघातिघांनी मिळून, मोबाइलचं भाषांतर हाताशी ठेवून केलेलं बरं. भारतापुरतं बोलायचं तर दिल्लीची राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्था, म्हणजे ‘एनआयडीएम’, वेबिनार घेते. त्यांना फी नसते.

फी सुरू होते ती परीक्षेपाशी. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’वर आपत्ती व्यवस्थापन आणि हवामान बदलाचे कोर्स निघतात. व्हिडिओ पाहणं आणि गृहपाठ देणं फुकट. त्यातल्या ‘एनपीटीईएल’च्या कोर्सची परीक्षा द्यायची तर अलीकडच्या सत्रांत हजार रुपये, स्वयम्वरच्या इतर कोर्सना साडेसातशेच्या आसपास, राखीव प्रवर्गांना सवलत. फॉर्म भरताना चालू आकडा तपासा. एनपीटीईएलमध्ये पंचवीस टक्के गुण गृहपाठाचे आणि पंचाहत्तर टक्के परीक्षेचे असतात, म्हणजे शेवटच्या आठवड्यात जागून भागत नाही. ही परीक्षा घरून देता येत नाही, केंद्रावर जावं लागतं. अहिल्यानगर मिळालं तर एसटीचं जाऊन-येऊन तिकीट साडेतीनशेच्या घरात, बाईमाणसाला निम्मं. चहा-जेवण धरून एका कोर्सचा हिशेब दीड हजारावर जातो. नेटचा खर्च मात्र लोक उगाच मोठा समजतात. व्हिडिओची क्वालिटी ४८० वर ठेवली तर तासाला साधारण अर्धा जीबी जातो. बारा आठवड्यांच्या कोर्सला तीस तास धरले तर पंधरा जीबी. तीनशे-साडेतीनशेचं रिचार्ज तुम्ही तसंही मारलेलंच असतं.

पैशापेक्षा मोठी अडचण तारखांची आहे, आणि ती दिल्लीत बसून वेळापत्रक करणाऱ्याच्या लक्षात येणं कठीण. स्वयम्ची सत्रं जानेवारी आणि जुलैला सुरू होतात. जुलैच्या सत्राची परीक्षा दिवाळीच्या पुढेमागे पडते, आणि तोवर पाटोद्यातल्या कितीतरी घरांतली तरणी माणसं मुकादमाची उचल घेऊन टोळीसोबत कारखान्याच्या फडात पोचलेली असतात. जानेवारीचं सत्र तर सगळं कोयत्यावरच जातं. घरात ऊसतोड असेल त्याने स्वयम्ची फी भरण्याआधी परीक्षेची तारीख बघावी. त्याला तारखेचं बंधन नसलेले संयुक्त राष्ट्रांचे किंवा रेड क्रॉसचे धडे सोयीचे. ते रात्री कोपीत बसून अर्धा तास पुढे सरकवले तरी चालतात. विद्यापीठाचाच कागद हवा असेल तर ‘इग्नू’चा आपत्ती व्यवस्थापनाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. त्याला पदवी लागते आणि मुदत वर्षापासून तीन वर्षांपर्यंत असल्याने एखादा हंगाम बुडाला तरी फी बुडत नाही.

आता खासगी वेबसाइटचं. ‘फक्त ९९ रुपयांत, शासनमान्य, दोन तासांत सर्टिफिकेट’ अशा जाहिराती मोबाइलवर रोज येतात. त्या पानावर बोट फिरवून पाहा. मोठ्या अक्षरात सवलत, उलटं मोजणारं घड्याळ आणि अगदी तळाशी बारीक अक्षरात ‘अधिक जीएसटी’. हा जीएसटी अठरा टक्के असतो, म्हणजे पाच हजारांचा कोर्स पाच हजार नऊशेला पडतो. परदेशी नामांकित प्लॅटफॉर्मवर उलटा प्रकार: कोर्स फुकट पाहण्याची सोय बऱ्याचदा असते, पण ते बटण ‘सुरू करा’च्या ठळक बटणाखाली फिकट अक्षरात दडवलेलं असतं. सात दिवस फुकट म्हणून कार्डाचा नंबर दिला तर आठव्या दिवशी पैसे कापले जातात. माझं मत स्पष्ट आहे: आपत्तीच्या शिक्षणासाठी खासगी वेबसाइटला एक रुपयाही देऊ नका. जे त्या विकतात त्याहून चांगलं फुकट मिळतं.

नोकरीच्या आशेने पैसे भरणाऱ्यांनी तर दोनदा विचार करावा. नगरपालिकांच्या अग्निशमन भरतीत ऑनलाइन सर्टिफिकेट चालत नाही, तिथे राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा कोर्स विचारतात. पैसे गेलेच असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, सायबर फसवणूक असेल तर १९३०. पैसे देऊन घेतलेल्या सेवेत फसगत झाली असेल तर बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. कंपनी बंगळुरूची असली तरी चालतं, कारण २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथल्या आयोगाकडे जाण्याची सोय दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फीच नाही.

हवामानाशी जुळवून घ्यायचं शिकायला शेतकऱ्याने तर कोर्स शोधण्याआधी जवळचं पाहावं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून मराठवाड्यासाठी मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानावर आधारित शेतीसल्ला निघतो, मराठीत आणि फुकट. जिल्ह्यात गेवराई तालुक्यातलं खामगाव आणि अंबाजोगाई इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’, सरकारी इशाऱ्यांसाठी ‘सचेत’, शेतीसाठी ‘मेघदूत’, ही तिन्ही ॲप फुकट. (ठिकाण निवडताना बीड जिल्ह्याचा पाटोदा निवडा. इंटरनेटवर ‘पाटोदा’ टाकलं की आधी भास्करराव पेरे पाटलांचं छत्रपती संभाजीनगरजवळचं आदर्श गाव येतं. गाव चांगलं आहे, पण तिथला पाऊस आपल्या उपयोगाचा नाही.)

आणि आता ते बारा दिवस. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘आपदा मित्र’ योजना २०१६ मध्ये प्रयोग म्हणून सुरू झाली, पुढे देशातल्या साडेतीनशे जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक घडवण्याचं उद्दिष्ट ठेवून वाढवली गेली. वय साधारण १८ ते ४०. बारा दिवसांचं निवासी प्रशिक्षण, राहणं-खाणं सरकारकडून, शिवाय विमा आणि लाइफ जॅकेट, टॉर्च, प्रथमोपचार पेटी असलेलं किट. तसलं जॅकेट बाजारात घ्यायला गेलात तर बऱ्यापैकी एकाला हजार-दीड हजार जातात. पण किटपेक्षा हातांना मिळणारी सवय मोलाची. छाती दाबून श्वास परत आणायचा, जखमीला मान न हलवता उचलायचं, वाहत्या पाण्यात स्वतः न उतरता दुसऱ्याला काढायचं, हे व्हिडिओ पाहून येत नाही. कितीही पाहिले तरी नाही. बॅच वर्षभर चालू नसते. कधी निघते ते तहसील कार्यालयात किंवा १०७७ या जिल्हा नियंत्रण कक्षाच्या नंबरवर विचारावं लागतं, आणि एकदा विचारून थांबायचं नसतं.

नाव नोंदवताना एक सांभाळा: सगळीकडे आधार कार्डावर आहे तेच स्पेलिंग टाका. सर्टिफिकेट निघाल्यावर ते बदलून घेताना फार हेलपाटे पडतात. ग्रामपंचायतीने मनावर घेतलं तर प्रत्येक गावातून दोन मुलं आणि दोन मुली या प्रशिक्षणाला पाठवणं अवघड नाही. त्यांचा खर्च बीडपर्यंतच्या तिकिटाएवढा, म्हणजे एका माणसामागे शंभराच्या आसपास. तेव्हा आधी तहसीलमध्ये जाऊन पुढच्या बॅचसाठी नाव द्या, ऑनलाइन कोर्स त्यानंतर निवडा.