योगक्षेम : परक्या शहरातले पहिले सहा महिने



गीतेच्या नवव्या अध्यायातला बाविसावा श्लोक आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावरून गेलेला असतो. ज्यांनी गीता कधी उघडली नाही, त्यांनीही त्याचा शेवटचा चरण आयुर्विमा महामंडळाच्या बोधचिन्हात पाहिलेला असतो. अनन्यभावाने माझे चिंतन करणाऱ्यांचा योगक्षेम मी वाहतो, असे भगवंत तिथे सांगतात. मुलगा किंवा मुलगी इंटर्नशिपसाठी दोन बॅगा घेऊन अनोळखी शहरी निघाली की घरची वडीलधारी मंडळी याच आश्वासनावर भिस्त ठेवतात. पण ती ठेवायची म्हणजे काय करायचे? मी एमबीबीएस करून देश सोडला. पुढची सारी वर्षे परदेशातच रुग्ण तपासण्यात गेली. हॅनोव्हरला शिकायला आणि काम करायला येणारी आपली मुले पाहून हा प्रश्न पुन्हा पुन्हा पडतो, म्हणून हा अल्पसा अभ्यास.

शब्द दोन आहेत. जे आपल्याजवळ नाही ते मिळणे हा योग, आणि जे मिळाले आहे ते सांभाळले जाणे हा क्षेम. शंकराचार्यांच्या भाष्यातही हाच अर्थ आहे. त्यापुढे आचार्य स्वतःच एक शंका काढतात : इतर भक्तांचा योगक्षेम देव वाहत नाही का? उत्तर मोठे दिलासा देणारे आहे. त्यांचाही वाहतोच. फरक एवढाच की इतर भक्त स्वतःच्या योगक्षेमासाठी स्वतःही धडपडतात, आणि अनन्य भक्ताला स्वतःसाठी म्हणून काही मिळवायचे उरलेलेच नसते. ज्याला पुढच्या महिन्याचे घरभाडे भरायचे आहे, तो कोणत्या गटात बसतो हे वेगळे सांगायला नको! मग या श्लोकाच्या आधारावर त्याने हात जोडून बसून राहणे हा अर्थ निघत नाही. त्याआधीच, आठव्या अध्यायात, अर्जुनाला स्मरण आणि युद्ध ही दोन्ही कामे एकाच वेळी करायला सांगितलेली आहेत.

आपल्या माणसांतले याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. गोपाळरावांनी त्यांच्या शिक्षणासाठी अमेरिकेत मदत मागितली तेव्हा कोल्हापुरात मिशनरी म्हणून राहून गेलेल्या वाइल्डर यांनी ख्रिस्ती होण्याचा सल्ला दिला आणि तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. ते मासिक न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या हाती पडले, तेही दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना. त्यांनी या अनोळखी मुलीला पत्र लिहिले, आणि 1883 च्या जूनमध्ये आनंदीबाई अमेरिकेत उतरल्या तेव्हा त्यांच्याच घरी राहिल्या. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. हा योग. तो आला एका ख्रिस्ती बाईच्या रूपाने, आणि त्या बाईंनी धर्म बदलण्याची अट घातली नाही.

क्षेम मात्र आनंदीबाईंनी स्वतः सांभाळला. निघण्यापूर्वी, फेब्रुवारी 1883 मध्ये, सेरामपूरच्या कॉलेजात वयाच्या अठराव्या वर्षी त्यांनी भर सभेत सांगितले होते की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. फिलाडेल्फियाच्या थंडीत साडी आणि शाकाहार सांभाळून त्यांनी 11 मार्च 1886 रोजी पदवी घेतली. प्रबंधाचा विषयही हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात त्यांची नेमणूक ठरली होती, पण क्षयाने पोखरलेल्या शरीराने साथ दिली नाही. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्या गेल्या, तेव्हा बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

त्यांची श्रद्धा कुठे कमी पडली असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? म्हणून हे उदाहरण मी मुद्दाम घेतो. क्षयाचा जंतू 1882 साली रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये दाखवला होता. औषध यायला आणखी साठ वर्षे लागली. श्रद्धेने त्यांना दिशा आणि धीर दिला. फुप्फुसे सांभाळायला जे हवे होते ते त्या काळी कोणाकडेच नव्हते. आज आपल्या मुलांच्या हाताशी ते आहे, आणि ते न वापरणे याला मी श्रद्धा म्हणणार नाही.

आता हॅनोव्हर. इथला योग अगदी रोकडा असतो : खोली, घरमालकाचा दाखला, दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्त्याची नोंद (तिला इथे आनमेल्डुंग म्हणतात), बँकेचे खाते, आरोग्यविमा. रविवारी दुकाने बंद, हे पहिल्या उपाशी रविवारी समजते. पण ही कामे कशीबशी होतातच. अवघड असतो तो क्षेम. डिसेंबरात इथे सूर्य साडेआठला उगवतो आणि सव्वाचारच्या आत मावळतो. ऑक्टोबर ते मार्च या काळात इथल्या उन्हाने त्वचेत पुरेसे ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि शाकाहारी मुलांना बी-12 ची वाण आधीपासूनच असू शकते. त्यात एकटेपणा. अशा वेळी सकाळची पाच मिनिटांची पूजा किंवा संध्याकाळचे रामरक्षेचे पठण दिवसाला खुंटी ठोकते, हे मी डॉक्टर म्हणूनही सांगेन. उठण्याची, अंघोळीची, जेवणाची वेळ त्याभोवती आपोआप बसते. (एक सूचना : झोपण्याच्या खोलीत धूर ओळखणारा गजर लावणे या प्रांतात सक्तीचे आहे. आरतीचा कापूर त्याच्याखाली पेटवू नये, नाहीतर सगळा मजला प्रसादाला हजर!)

हॅनोव्हरला श्रीलंकेतून आलेल्या तमिळ भाविकांनी उभारलेले मुत्तुमारीअम्मनचे मंदिर आहे. तिथे आरती मराठीत मिळणार नाही, पण देवी अगदीच परकी नाही. मारीअम्मन ही रोगराईपासून राखणारी. आपल्या गावाच्या वेशीवरची मरीआई तीच नव्हे का? त्या रोगाला आपण देवीच म्हणत होतो आणि लस टोचण्याला देवी काढणे. आपल्या आज्यांनी देवीला नैवेद्यही दाखवला आणि मुलांचे दंडही पुढे केले. 1980 साली तो रोग जगातून गेल्याचे जाहीर झाले.

हे सांगण्याचे कारण, "देव बघेल" हे वाक्य मी दोन तऱ्हेने ऐकतो. एका मुलीने परीक्षेचा अर्ज भरून, झोपायला जाताना ते म्हटले होते. एका मुलाने ते म्हटले तेव्हा तो तीन आठवडे धड जेवला नव्हता, कामावर जात नव्हता आणि घरचे फोन उचलत नव्हता. त्याच्या आईला वाटत होते की मुलगा उपास करतो आहे. झोप उडणे, भूक मरणे, कशातच मन न लागणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर तो आजार समजावा आणि डॉक्टरकडे जावे. त्याला बरे करायला गोळ्या लागल्या, बोलणे लागले, आणि शेजारच्या खोलीतला एक तुर्की मुलगा लागला, जो रोज दार वाजवून त्याला सूप देत असे. आता तो पुन्हा दिवा लावतो.

तेव्हा फोनवर "देवाला नमस्कार केलास ना?" हे जरूर विचारा. त्याला जोडून काल रात्री काय जेवलास, किती वाजता झोपलास आणि या आठवड्यात कोणाशी समोरासमोर बोललास, हेही विचारा. आणि त्याच्या वहीत हे क्रमांक लिहून घ्यायला सांगा : जिवावरचे संकट असेल तर 112, दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असेल तर 116117, आणि रात्री-अपरात्री मन फार जड झाले, नुसते कोणाशी बोलायचे असेल तर 116123. हा शेवटचा क्रमांक मोफत आहे.