इंग्लिश झुडूपगुलाब : आणे पठारावरील हिवाळी बहराचे नियोजन

जुन्या युरोपीय गुलाबांचा गर्द सुवास आणि आधुनिक गुलाबांचा वारंवार फुलण्याचा गुण इंग्लंडच्या डेव्हिड ऑस्टिन यांनी संकरातून एकत्र आणला. त्यांचा 1961 चा ‘कॉन्स्टन्स स्प्राय’ वर्षातून एकदाच फुलतो. 1983 चा पिवळा ‘ग्रॅहम थॉमस’ मात्र पुन्हा पुन्हा बहरतो. अशा जातींत नव्या फुटीच्या शेंड्यावर कळी येते. त्यामुळे फूट वेळेवर काढणे हेच बहराचे मुख्य काम ठरते.

जुन्नर तालुक्याच्या पूर्वेकडील आणे पठार पर्जन्यछायेत येते. येथे पाऊस परतल्यावर, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात छाटणी करावी. हलक्या, मुरमाड जमिनीत त्याआधी चार-पाच दिवस पाणी तोडणे पुरेसे असते. नव्या लागवडीला ताण देऊ नये.

वाळक्या, रोगट व एकमेकींत गुंतलेल्या फांद्या आधी काढाव्यात. उरलेल्या फांद्यांची उंची एक तृतीयांश ते निम्मी कमी करावी; हायब्रीड टी गुलाबासारखी खोल छाटणी या झुडपाला नको. काप बाहेरच्या बाजूच्या डोळ्यावर, तिरपा घ्यावा. डोळा भरलेल्या जागेच्या खालून आलेले खुंटाचे फुटवे मुळाशी काढावेत. फांद्या शेंड्याकडून वाळत येऊ नयेत म्हणून जाड कापांवर बोर्डो पेस्ट लावावी.

छाटणीनंतर प्रत्येक झाडाला 4 ते 5 किलो कुजलेले शेणखत द्यावे. ठिबकने थोडे थोडे, पण नियमित पाणी द्यावे आणि बुंध्यापासून चार बोटे अंतर सोडून पाचटाचे किंवा वाळल्या गवताचे आच्छादन करावे.

साधारण सहा-सात आठवड्यांत पहिली फुले येतात. सुकलेले फूल पाच पर्णिकांच्या निरोगी पानाच्या वर कापावे. फळ धरू दिल्यास पुढची फूट लांबते. ही काळजी घेतल्यास दुसरा बहर पौषात, आणे येथील रंगदासस्वामींच्या यात्रेच्या आगेमागे मिळतो. थंडीत पानांवर भुरी दिसताच पाण्यात मिसळणारे गंधक 10 लिटर पाण्यात 25 ग्रॅम या प्रमाणात फवारावे; दुपारच्या उन्हात फवारणी टाळावी. कोवळ्या फुटीवरील मावा व फुलकिड्यांसाठी निंबोळी अर्क वापरावा.

मार्चनंतर उन्हाने फुले लहान होतात व सुवास लवकर उडतो. तेव्हा छाटणी न करता केवळ सुकी फुले काढावीत आणि उपलब्ध पाणी झाड जगवण्यासाठी राखावे.